दारावरच्या दिव्याची हकीकत

वर्धापनदिनाच्या तयारीसाठी भरलेल्या सभेत रोषणाईचा विषय निघाला आणि आपल्यात सरळ दोन तट पडले, हे भगिनींना आठवत असेलच. एक पक्ष म्हणाला, चाळीच्या दर्शनी बाजूला विजेच्या माळा सोडाव्यात, त्यावाचून समारंभाला शोभा नाही. दुसरा पक्ष म्हणाला, पणत्याच लावाव्यात, आपली रीत तीच. मी दोन्ही पक्षांना अडवून सारखी एकच गोष्ट सांगत होते, की माळ लावा, पण कशी लावायची ते आधी ठरवा. शेवटी कंटाळून संपादिकाबाई म्हणाल्या, "तुम्हाला दिव्यांचे एवढे वेड आहे, तर स्मरणिकेत दिव्यांचा इतिहासच लिहून द्या!"

मी सातवी शिकलेली बाई. इतिहास लिहिणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण दिवा घासणे, वात वळणे आणि तेल पुरवून वापरणे यांत बायकांचा जन्म गेलेला, तेव्हा या विषयात चार शब्द बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे असे वाटून हे धाडस केले आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आज बटण दाबले की उजेड पडतो, म्हणून दिव्याची किंमत आपल्याला कळत नाही. पूर्वी घरात रोजचा दिवा एकच असे. दिवेलागणीला तो देवापुढे लागायचा, मग स्वयंपाकघरात जायचा आणि जेवणे उरकली की वात खाली ओढली जायची. तेल होते, पण ते घाण्यावर गाळलेले, मोजून आणलेले. ज्याच्या रानात करडई, त्याच्याकडे करडईचे, कोणाकडे जवसाचे, कोणाकडे एरंडाचे. जे पोटात घालता येत नाही असे करंजाचे तेल दिव्याला चाले, कोकणात उंडीच्या बियांचे. म्हणजे दिवा पेटवणे हा संसारातला खर्च होता, आणि एकाच रात्री वीस-पंचवीस दिवे लावणे ही तर चैन होती. सणाला दिव्यांची आरास का, याचे उत्तर यातच आहे. रोज जी वस्तू काटकसरीने वापरायची, ती सणाला हात सैल सोडून वापरायची. गोडधोडाचे तसेच दिव्याचे.

तेलाला किती मोल होते याचा एक जुना दाखला सांगते. चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तेथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्य हे मोठे गणिती आणि ज्योतिषी. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ काढला, त्याचा हा लेख. मठाला कोणी काय द्यावे हे त्यात मराठीत लिहिले आहे. त्यात घाण्याघाण्यामागे पळी पळी तेल द्यावे असेही आहे. राजाने जमीन दिली, तशी घाणेवाल्याने पळीभर तेल दिले, आणि दोन्हींची नोंद एकाच दगडावर झाली! मला हे वाचून फार बरे वाटले.

पुढे १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. तिच्या चौथ्या अध्यायात भगवंत म्हणतात, मी अविवेकाची काजळी झाडून विवेकाचा दिवा उजळतो, तेव्हा योग्यांना नित्य दिवाळी होते. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी माउलींनी हा दाखला दिला, त्या अर्थी दिवाळी आणि दिवा ही जोडी तेव्हाही घरोघर ठाऊक असली पाहिजे. आणि काजळी झाडल्यावाचून दिवा उजळत नाही, हे तर रोज दिवा घासणाऱ्या कोणत्याही बाईला पटेल.

मोठी रोषणाई मात्र देवळाची. देवळापुढच्या दगडी दीपमाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. जेजुरीला गड चढताना तर त्या जागोजाग उभ्या दिसतात. नवस फेडण्यासाठी भाविकांनी त्या बांधून दिल्या. गोव्यात मंगेशीच्या देवळासमोर सात मजल्यांची पांढरीशुभ्र दीपमाळ आहे. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेच्या एकेका खाचेत तेलवात ठेवून ती पेटवतात. खालून वर सगळी माळ उजळली की गावातले लहानथोर बघत उभे राहतात. ज्याच्या घरी दुसरा दिवा लावण्याची ऐपत नाही, त्याच्याही डोळ्यांना तो उजेड मिळतो. दीपमाळेचा मला वाटणारा मोठेपणा हाच. ती एका घरची नसते.

घरचे दिवे निराळे. त्यांची जागा आणि दिवस ठरलेले. आषाढी अवस्येला दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे आणि त्यांची पूजा करायची. वसुबारसेला दारात पणती. धनत्रयोदशीला यमासाठी कणकेचा दिवा, वात दक्षिणेकडे. लक्ष्मीपूजनाला उंबरठा, तुळस, खिडकी, माळा, मोरी कोणतीही जागा अंधारात ठेवायची नाही. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचे, भाऊबीजेला भावाला. पुढे तुळशीचे लग्न, आणि त्रिपुरीला दिवाळी संपली म्हणायचे. या सगळ्यांत तेल घालणारी, वात सारणारी आणि वाऱ्याला आडवा हात धरणारी बाईच.

आता आकाशकंदील. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा टांगण्याची चाल फार जुनी. त्याचेच पुढे कागदी कंदील झाले. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने सांगाडा बांधायचा, खळ शिजवायची, रंगीत कागद ताणून चिकटवायचा आणि खाली शेपट्या सोडायच्या. चांदणी, विमान, षटकोनी, ज्याला जसे साधेल तसे. आमच्या लहानपणी खळ शिजवण्याचे काम मुलींकडे आणि वर चढून टांगण्याचे मुलांकडे असे. त्यावरून आम्ही भांडत असू. विजेच्या आधी या कागदाच्या पोटात पणती किंवा मेणबत्ती ठेवायची असे. वारा सुटला की कंदील पेटायचा! म्हणून जुन्या माणसांची सवय अशी, की कंदील लागला की कोणीतरी त्याच्याकडे लक्ष ठेवून बसायचे. ही सवय वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याशी काम आहे.

लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत उजेड माणसांच्या हातून किंवा डोक्यावरून जाई. आधी मशाली आणि दिवट्या होत्या. पेशवाईत हे काम करणाऱ्या माणसालाच दिवट्या म्हणत. मग गॅसबत्ती आली. खाली रॉकेलची टाकी, वर जाळीदार कापडी मँटल. पंप मारला की तेलाची वाफ होऊन मँटल पांढरेशुभ्र तापते आणि भुरभुर आवाज करीत जळते. वरात निघाली की या बत्त्या डोक्यावर घेऊन मजूर दोन्ही बाजूंनी चालत, त्यांत बायकाही असत. अंगावर उष्णता आणि पायाखाली खड्डे. उजेड नवरानवरीच्या तोंडावर पडे, बत्ती धरणारीचे तोंड मात्र तिच्याच बत्तीखालच्या अंधारात राही. वरातीचे जुने फोटो पाहताना मी हल्ली आधी कडेला उभ्या असलेल्या त्या माणसांकडे पाहते.

आपल्या मुंबईचा इतिहास तर आणखी मजेचा आहे. रस्त्यांवर आधी तेलाचे दिवे होते. १८६५ च्या ऑक्टोबरात भेंडीबाजार वगैरे भागात पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. दिवे लावणारा एकेक खांब पेटवीत पुढे जाई आणि लोकांची झुंड त्याच्या मागून रस्तोरस्ती फिरे. हा गॅस कोळशापासून काढीत. त्याचा कारखाना आपल्याच लालबाग-परळच्या बाजूला होता, गॅस कंपनी लेन हे नाव त्याचीच खूण आहे. त्या 'गॅसलाइट'चे लोकांच्या तोंडी 'घासलेट' झाले आणि पुढे ते नाव बाटलीतल्या तेलाला चिकटले. 'रॉकेल' म्हणजे 'रॉक ऑइल', दगडातले तेल. रेशनच्या रांगेत ज्यासाठी आमच्या आया ताटकळल्या, त्या तेलाची दोन्ही नावे अशी साहेबाच्या भाषेतून आलेली आहेत.

पुढचे साल १८८२. त्या साली मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, पहिल्यांदा विजेचे दिवे लागले. पण दिवे पुरवणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसवर आली. गंमत अशी, की त्याच १८८२ च्या डिसेंबरात तिकडे अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरी, एडिसनसाहेबांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरी नाताळचे झाड विजेच्या दिव्यांनी सजवले. तांबडे, पांढरे आणि निळे असे ऐंशी दिवे, आणि झाड आपोआप गोल फिरणारे! सणासाठी लावलेली विजेच्या दिव्यांची माळ ती पहिली, असे मानतात. त्याआधी ख्रिस्ती घरांत झाडाच्या फांद्यांवर मेणबत्त्या लावीत, आणि वाळलेले झाड पेटू नये म्हणून जवळ पाण्याची बादली ठेवीत. आपला कागदी कंदील आणि त्यांचे झाड, दोघांची काळजी एकच. १९०३ च्या सुमारास तिकडे तयार माळा बाजारात आल्या. त्याआधी अशी आरास करावयाची तर तारा जोडणारा माणूस घरी बोलवावा लागे, म्हणून ती श्रीमंतांचीच हौस होती.

मुंबईत वीज कायमची आली ती १९०५ साली, आज जिला आपण बेस्ट म्हणतो त्या कंपनीबरोबर. १९०७ साली विजेची ट्राम धावली. १९१५ साली खोपोलीला टाटांचे पाण्यावरचे वीजघर सुरू झाले आणि घाटातल्या पाण्याच्या जोरावर आपल्या गिरण्या फिरू लागल्या. पण गिरणगावात विजेचा दिवा पहिल्याने सणासाठी आला नाही. पूर्वी अंधार पडला की गिरणी थांबे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि मालकांनी कामाचे तास चौदा-चौदापर्यंत लांबवले. कामगारांनी आरडाओरड केली, चौकशी झाली, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचे तास बारांवर आणले. ज्यांच्या आज्या-पणज्या गिरणीत होत्या, त्या भगिनींना हे सांगण्याची गरज नाही. उजेड आला म्हणजे सुखच आले असे नव्हे. तो कोणाच्या हातात आहे, हेही पाहावे लागते.

चाळीत वीज पुष्कळ उशिरा पोचली. आधी जिन्यात एक दिवा, मग खोलीत एक. मग कंदिलातल्या पणतीच्या जागी बल्ब आला आणि कंदील पेटण्याची भीती गेली. चाळीच्या मधोमध दोरीवर मोठा सामाईक कंदील चढवण्याची पद्धत आपल्याकडे आजही आहे, आणि तो वर जाताना सगळ्या गॅलऱ्या भरतात.

एक आठवण आमच्या सासूबाई सांगत असत, ती येथे नोंदवते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅक आऊट होता. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले. कोणाच्या खोलीतून फट दिसली की खालून हाक यायची, "दिवा बंद करा!" सासूबाई तेव्हा नवी नवरी होत्या. देवापुढची समईसुद्धा टोपलीने झाकून ठेवली, असे त्या सांगत. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्य ढाक्याला शरण आले आणि मग एकदाची लढाई थांबली. त्यानंतर ज्या संध्याकाळी काचांचे कागद निघाले आणि सगळ्या खोल्यांतून उजेड बाहेर पडला, त्या संध्याकाळसारखी दिवाळी पुन्हा पाहिली नाही, हे त्यांचे शब्द. आणि त्या दिवशी कोणी एकही जादा दिवा लावला नव्हता.

आता माळेकडे येते. बारीक मिरचीएवढ्या बल्बांच्या माळा आमच्या घरी आल्या त्या माझ्या लग्नानंतर. लुकलुकणाऱ्या माळेत एक बल्ब निराळा असतो. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापली की वाकते आणि वीज तुटते, गार झाली की सरळ होते आणि वीज जुळते. एवढ्यावर सारी माळ डोळे मिचकावते!

२००८ सालची गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट. माझा मुलगा सहा वर्षांचा. अभ्यंगस्नान झाले, उटण्याचा वास अंगाला, आणि ओल्या पायांनी तो गॅलरीत धावला. कठड्याला लावलेली माळ विझलेली होती. एक बल्ब फुटून त्याची जागा उघडी पडली होती. माळ रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून स्वस्तात घेतलेली, सांधे नुसते पिळलेले, वर चिकटपट्टीही धड नाही. पोराने तो बल्ब नीट बसवायला हात घातला आणि त्याचा हात तेथेच चिकटला. ओरडताही येईना. मी धावले ती सरळ त्याला धरायलाच. शेजारच्या काकींनी मला मागे ओढले आणि हातातल्या लाकडी पाटाने त्याचा हात झटक्यासरशी सोडवला. तोवर कोणीतरी आत जाऊन मेन स्विच पाडला. दोन बोटे भाजली, दिवसभर ताप आला, पण लेकरू वाचले. काकींच्या हातात पाट होता तो रांगोळी काढायला बसण्यासाठी घेतलेला. मी त्याला धरले असते तर आम्ही दोघेही गेलो असतो, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले.

माझ्या मनात एकच प्रश्न होता. माळ तर विझलेली होती, मग धक्का कसा बसला? दिवाळीनंतर चाळीतल्या वायरमनदादांनी मला समजावले ते मी कधी विसरले नाही, आणि तुम्हीही विसरू नये म्हणून लिहिते. माळेतले बल्ब एकामागोमाग एका धाग्यात ओवल्यासारखे असतात. घरातली वीज २३० व्होल्टची. चाळीस बल्ब असले तर २३० भागिले ४०, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा. तेवढ्यावर तो बिचारा जळतो. पण मध्येच एक तुटला की वीज पुढे जात नाही, सगळी माळ विझते, आणि वाटणी थांबते. मग त्या तुटलेल्या जागी पावणेसहा उरत नाहीत. तेथे सगळेच्या सगळे २३० येऊन थांबतात. ओला पाय, ओला हात आणि उघडी तार, एवढे त्यांना पुरते. जळती माळ सर्वांना दिसते, म्हणून तिला कोणी हात लावत नाही. विझलेल्या माळेला मात्र आपण मेलेली समजतो.

आता एलईडीच्या माळा आल्या आहेत. तांबडा एलईडी १९६२ चा, पण निळा काही केल्या नीट साधेना. तो जपानी शास्त्रज्ञांनी साधला, १९९३ साली नाकामुरा यांनी तो झगझगीत करून दाखवला, आणि २०१४ साली अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्यावर पिवळी पूड चढवून पांढरा उजेड काढतात. या माळा तापत नाहीत आणि वीजही थोडी खातात. म्हणजे ज्या उजेडासाठी कधी घाण्याघाण्यामागे पळीभर तेल जमवावे लागे, तो आज अगदी गरिबाच्या दारातही रात्रभर राहू शकतो. ही गोष्ट लहान नव्हे, आणि म्हणून माळेला नावे ठेवणाऱ्या पक्षात मी नाही. पण स्वस्त माळ एलईडीची असली तरी पुष्कळदा सरळ घरच्या विजेवरच चालते. तुटली की तीही तितकीच घातकी.

तेव्हा दोन्ही पक्षांनी माझे एवढे ऐकावे. पणती लावताना आपल्याला कोणी सांगावे लागत नाही, पदर सावरतो, मुलाला मागे ओढतो, वाऱ्याकडे पाहतो. जुनी माणसे कागदी कंदिलाजवळ बसून राहत. दिव्याची आरास आली तशी त्याची राखणही आली, आणि तेल-वातीच्या दिवसांत ती आपण बायकांनीच केली. विजेच्या माळेबरोबर मात्र आपण समजलो की राखण संपली. ती संपलेली नाही. माळ लावणे पुरुषांचे आणि कौतुक करणे आपले, ही वाटणी मोडावी. प्रत्येक मजल्यावर निदान दोघींना मेन स्विच कोठे आहे आणि तो कसा पाडायचा हे ठाऊक असावे. माळ विझली तर आधी पिन उपसून काढावी, मगच हात लावावा. लोखंडी कठड्याला माळ गुंडाळू नये. पहाटेच्या स्नानाआधी गॅलरीतल्या माळा काढून ठेवाव्यात. आणि कोणाला धक्का बसलाच, तर हाताने धरू नये. स्विच पाडावा, नाहीतर कोरडे लाकूड वापरावे.

सभेने अखेर काय ठरवले ते आपणा सर्वांस माहीत आहेच. दर्शनी भागावर माळ, ती वायरमनकडून तपासून घेतलेली, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर घरटी एक पणती. पणत्यांचे तेल मंडळाने एकदम न आणता प्रत्येकीने आपल्या घरून आणावे, एवढी सूचना मी केली आणि ती मान्य झाली.

माझा मुलगा आता कामाला जातो. यंदा माळ बांधायला तोच वर चढणार आहे. खाली पिनेजवळ मी उभी राहणार, आणि काकींचे वय झाले असले तरी त्याही येणार म्हणतात. पाट मात्र त्यांच्या हातात मी आधीच देऊन ठेवणार आहे.